नाव तुमचं, मागचं आमचं

आपलं काम घरमालकीणबाईंना समजावून सांगायला कानसेनला दोन वर्षं लागली, आणि तरीही त्या शेजारणीला ‘आमचा भाडेकरू कंपनीत गोष्टी ऐकतो’ एवढंच सांगायच्या. तो म्हणायचा, “गोष्टी नाही हो ऐकत, गोष्टींतल्या चुका ऐकतो.” त्यावर बाई म्हणायच्या, “ते तर मी घरात बसून करते.”

त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. वय बेचाळीस. कान मात्र असा तिखट की जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलंय, कितव्या मजल्यावर चाललंय आणि घरून भांडून आलंय की काय, इतकं सगळं सांगून मोकळा व्हायचा. म्हणून ऑफिसात त्याचं नाव कानसेन पडलं आणि मूळ नाव पगारपत्रकापुरतं उरलं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. नवीन माणूस आला की कानसेन त्याला स्वतःहून सांगायचा, “चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर आंधळ्याला नोकरी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर काम असतं.”

कंपनी फोनवर वाचायच्या गोष्टी तयार करायची. पण नुसत्या वाचायच्या नाहीत. तुमच्यासमोर दोन दारं आहेत, डावं उघडता की उजवं? निरोप घेऊन आलेल्या माणसाला आत घेता की उंबऱ्यावरूनच परत पाठवता? वाचणारा जे निवडेल तशी गोष्ट पुढे वळायची. चित्रं नव्हती, सगळा मजकूरच, त्यामुळे दृष्टी नसलेले वाचकही पुष्कळ. कानसेनचं काम म्हणजे गोष्टीतली एकूण एक वाट चालून बघायची. कुठं वाट अडते, कुठं मेलेलं पात्र पुढच्या पानावर चहा मागतं, कुठं वाक्य कानाला खडा लागल्यासारखं लागतं, ते लिहून द्यायचं. संगणक त्याला मजकूर वाचून दाखवायचा तो इतक्या वेगात, की शेजारी बसणाऱ्याला लाह्या फुटतायत असं वाटावं.

या गोष्टींची सुरुवात ठरलेली असायची. वाचणाऱ्यानं आपला नायक आपणच घडवायचा. नाव काय, बाई की पुरुष, धंदा कोणता, स्वभाव तापट की भित्रा की गोडबोल्या, सगळं त्याच्या मर्जीनं. एकच गोष्ट त्याच्या हातात नसायची. गोष्ट सुरू होण्याआधी त्या नायकाच्या आयुष्यात काय घडून गेलं, ते कंपनीची लेखिका लिहायची आणि ते सगळ्यांना सारखंच असायचं. गोष्टीच्या वाटा संगणकात एकमेकींना जोडून देणारा एक पोरगेला इंजिनिअर होता, त्याला सगळे जोडारी म्हणायचे. त्यानं काचेवर एक कागद चिकटवला होता: ‘नाव तुमचं, मागचं आमचं.’ लेखिकेला तो कागद आवडला होता, कारण तिचंही तेच मत होतं.

“माणसाला सगळंच्या सगळं निवडू दिलं ना,” ती म्हणायची, “की तो कुणीच होत नाही. नुसता भटकत राहतो. एक तरी गोष्ट त्याच्यावर लादावी लागते. मग त्याच्या बाकीच्या निवडींना वजन येतं.”

लेखिका पस्तिशीची, पेनाची टोपणं चावणारी. टोपण कडकडायला लागलं की गाडी कुठंतरी रुतलीय, हे कानसेन न विचारता ओळखायचा. दोघांचं चांगलं जमायचं. तो तिला लेखिकाबाई म्हणायचा, ती त्याला अहोजाहो करायची आणि त्याच्या हरकतींना मनापासून घाबरायची.

त्या वर्षी जी नवी गोष्ट तपासायला आली, तिच्यात नायक बऱ्याच वर्षांनी एका बंदरावर परत येतो. त्याचं ठरलेलं पूर्वायुष्य लेखिकेनं चार ओळींत लिहिलं होतं. सहा वर्षांचे असताना तुम्हाला दूरच्या निवासी शाळेत ठेवलं. तुम्ही आत जाताना मागं वळून वळून बघत होतात. तुम्ही दिसेनासे होईपर्यंत आई फाटकापाशी उभी होती. हात हलवत होती.

कानसेननं आवाज थांबवला. मागं जाऊन चार ओळी पुन्हा ऐकल्या. मग हरकतींच्या कागदात लिहिलं: एक, दृष्टी नसलेल्या वाचकाचा विचार व्हावा, हात हलवला तर आवाज येत नाही. पुढची ओळ त्यानं लिहिली, खोडली, परत लिहिली. दोन, आई थांबत नाही. दुरुस्त करावे.

थोड्या वेळानं लेखिका त्याच्या टेबलापाशी आली.

“पहिली हरकत एकदम मान्य,” ती म्हणाली. “दुसरी कळली नाही. ही चूक कशी काय?”

“पटत नाही.”

“कुणाला?”

“वाचणाऱ्याला.”

“किती वाचणाऱ्यांना विचारलंत?”

लेखिका भांडणारी नव्हती. ती म्हणाली, “बरं. मी दोन्ही लिहिते. एकात आई थांबते, एकात निघून जाते. बाकी एक अक्षरही बदलायचं नाही. बघू या लोक काय करतात.”

बाहेरचे चाळीस वाचक बोलावले. वीस जणांना थांबणारी आई दिली, वीस जणांना जाणारी. गोष्टीच्या शेवटच्या प्रकरणात एक प्रसंग होता. प्रवासात जोडला गेलेला सोबती नायकाला म्हणतो, मी जाऊन येतो, माझ्यासाठी थांबशील? मग दोन पर्याय: थांबा, नाहीतर त्याच्या आधीच निघून जा. ज्यांची आई थांबली होती, त्या विसातले सोळा थांबले. ज्यांची आई निघून गेली होती, त्यांतले चौदा सरळ निघून गेले.

जोडारी खुर्चीतून उठलाच. “आणि नायक तर त्यांनी स्वतः बनवलेत! एक सुईण आहे, एक चोर आहे, एकीनं तर अगदी मऊ स्वभावाची शाळामास्तरीण केली होती. तीसुद्धा चालती झाली!”

लेखिकेला मात्र आनंद झाल्यासारखा वाटला नाही. “एक वाक्य होतं हो फक्त,” ती म्हणाली.

आता जोडारीचं डोकं चालायला लागलं की ते थांबायचं नाही. त्यानं सहज म्हणून कानसेननं खेळलेल्या फेऱ्या काढल्या. विशिष्ट वाट तपासण्यासाठी खेळलेल्या बाजूला ठेवल्या, मनानं खेळलेल्या तेवढ्या घेतल्या. एकतीस निघाल्या. होडीवाला, गवंडी, सुईण, चोर, एक म्हातारी वैदीण, नाना तऱ्हेचे नायक. त्यांतल्या साधारण निम्म्यांची आई थांबणारी होती, बाकीच्यांची जाणारी.

“कानसेन,” जोडारी हसत ओरडला, “तुमच्यावर आमच्या आईचा काही परिणामच होत नाही! एकतीसच्या एकतीस वेळा आधी निघून गेलात!”

सगळे हसले. कानसेनही हसला. लेखिका हसली नाही, हे त्याला ऐकू आलं.

दुपारी ती आपला डबा घेऊन त्याच्या समोर येऊन बसली. थोडा वेळ नुसती जेवली. मग म्हणाली, “तुमची कुठली आहे?”

“कुठली काय?”

“आई. थांबलेली की गेलेली?”

बेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. बायकोनंही नाही. तोंडात घास होता तो त्यानं गिळला आणि सांगून टाकलं.

आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. वडील तो पाळण्यात असतानाच गेले. आई आणि मावशी दोघी एका घरात राहायच्या, आणि तो सहा वर्षांचा झाल्यावर दोघीच त्याला अंध मुलांच्या शाळेत सोडायला गेल्या. आईच्या डाव्या चपलेचा बंद सैल होता, त्यामुळे तिचं चालणं जगात वेगळं होतं: टप्, सर्र. टप्, सर्र. फाटकापाशी ती खाली बसून त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, “तू आत जाईपर्यंत मी इथंच उभी आहे. हलणार नाही.” शाळेच्या बाईंनी त्याचा हात धरला. दहाएक पावलं झाली असतील, मागं फाटकाची कडी वाजली. मग खडीवर टप्, सर्र. मग डांबरावर. मग दूर. मग काहीच नाही. तो वळून ‘आई!’ म्हणून ओरडला. जीव खाऊन ओरडला. पलीकडून कुणी ओ दिली नाही.

“त्या दिवशी मला एक गोष्ट कळली,” तो लेखिकेला म्हणाला. “जो थांबतो म्हणतो, तो जाणार असतो. मग आपणच आधी निघावं. लागत नाही.”

आणि तसाच तो जगला होता. सुट्टी संपून शाळेत परत जायचं असलं की दोन दिवस आधीच मोठ्या मुलांबरोबर निघून जायचा, आईला पोचवायला येऊ द्यायचा नाही. नोकरीला लागल्यावर दर रविवारी तिला फोन करायचा, घड्याळ लावून चार मिनिटं. लग्न केलं ते दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एका मुलीशी. तिच्या हातांना लवंगेचा वास यायचा आणि ती जिने गाणं म्हणत चढायची. पाच वर्षं बरी गेली. मग तिला आठ महिन्यांच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचं ठरलं. ती निघायच्या आठवडाभर आधी कानसेननं आपली बॅग भरली आणि भाड्याची खोली घेतली. ती जिन्यात उभी राहून म्हणत होती, “अरे मी परत येणार आहे! वेड्या, मी परत येणार आहे!” ती परत आलीही. तो गेला नाही.

आईला जाऊन आता पाच महिने झाले होते. झोपेतच गेली. तो दुसऱ्या दिवशी पोचला, करायचं ते केलं, दोन दिवस राहिला आणि सुट्टी शिल्लक असतानाच परतला.

लेखिकेनं हे सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, “तिला कधी विचारलं नाहीत?”

“विचारायचं काय त्यात? मी ऐकलं होतं ना.”

“हं. ऐकलं होतंत,” ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.

बस, एवढंच बोलली. पण ते त्याच्या मागं लागलं. दाढी करताना, बसमध्ये, घरमालकीणबाई नळाबद्दल कुरकुर करत असताना. ऐकलं होतंत. चार दिवस त्यानं ते झटकलं. पाचव्या दिवशी रजा टाकली आणि सात तासांचा प्रवास करून मावशीकडे गेला.

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. त्याच तळमजल्याच्या दोन खोल्यांत राहत होती. खिडकीखाली आईचं शिवणयंत्र होतं, त्यावर आता औषधांच्या बाटल्या ठेवलेल्या. मावशीनं त्याला बसवलं, वाळलास म्हणाली, चहा केला. कपातला चहा अर्धा झाल्यावर त्यानं विचारलं, “मावशी, मला शाळेत सोडलं त्या दिवशी आई लगेच का गेली?”

मावशीची बशी टेबलावर जरा जोरातच ठेवली गेली.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी काही सांगितलेलं नाही. विचारतोय.”

तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाली, “त्या चपला माझ्या पायात होत्या रे.”

त्याला अर्थ लागेना.

“तुमच्या त्या शाळेच्या बाई,” मावशी म्हणाली, “तू पायरीवर बसला होतास तेव्हा आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, की मुलं चपलांवरून ओळखतात. आई इथंच आहे असं वाटलं तर महिना महिना रुळत नाहीत, फाटकाला धरून बसतात. चपला वाजवत जा, म्हणजे गेली हे त्याला कळेल. एकदाच काय तो रडेल. तुझी आई कबूल झाली. कडी वाजवली आणि पाऊलच उचलेना तिचं. माझ्या कानात म्हणाली, ताई, माझ्याच्यानं नाही होत. तिथंच चपला काढल्या. मग मी घातल्या. माझा पाय मोठा, अर्धी टाच बाहेर. तिच्यासारखा डावा पाय ओढत मोठ्या रस्त्यापर्यंत गेले, आणि कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले.”

“आणि आई?”

“तिथंच. खडीवर, अनवाणी.”

“मी हाक मारली.”

“मारलीस ना. मला कोपऱ्यावर ऐकू आली. तिनं रुमाल तोंडात कोंबला होता आणि वरून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मी परत आले तरी हलेना. तुला आत नेलं, तोंड धुतलं, जेवायला बसवलं, ते सगळं खिडकीतून दिसत होतं. तू जेवलास तेव्हा कुठं हलली. पायांना खडी रुतून रक्त आलं होतं, बसमध्ये बसल्यावर कळलं तिला.”

कानसेननं कप शोधून खाली ठेवला. त्याला पहिल्यांदा आला तो राग. रडू नाही, राग.

“चांगली चाललीस गं तू,” तो म्हणाला. “हुबेहूब चाललीस.”

“हो रे बाबा,” मावशी म्हणाली. “आयुष्यात तेवढंच एक काम चोख केलं मी.”

आणि ती रडायला लागली. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, आवाज नसलेलं, नाक ओढण्यावरून कळणारं. त्यानं उठून तिचा खांदा शोधला. थोडं सावरल्यावर ती म्हणाली, “अजून आहे. सांगू का?”

“सांग.”

“पहिली तीन वर्षं दर महिन्याला जायची ती. भेटायचा दिवस नसतानाही जायची. खेळाच्या मैदानाला तारेचं कुंपण होतं ना, त्याच्या बाहेर उभी राहायची. मऊ तळव्याचे कापडी बूट घेतले होते तिनं मुद्दाम. साबण बदलला. तुला वासावरूनही कळेल म्हणून वारा बघून बाजू घ्यायची. घरी येऊन मला सांगायची, आज पडला पण रडला नाही. आज एका मुलाच्या पाठीवर बसला होता. आज एकटाच भिंतीला टेकून होता. त्या दिवशी जेवायची नाही.”

“मला का नाही सांगितलं?” हे त्यानं विचारलं तेव्हा त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

“आधी म्हणायची, लहान आहे, फसवलं म्हणेल. मग तू मोठा झालास, तेव्हा म्हणाली, स्वतःच्या पायांवर उभा आहे, आता कशाला उकरून काढू. तुझं नि बायकोचं फाटलं, तेव्हा मी तिला म्हटलं, सांगून टाक. तर म्हणाली, आता सांगितलं तर त्याला वाटेल आपली समजूत घालतेय. मग म्हणाली, फोनवर नको. पुढच्या वेळी येईल तेव्हा समोर बसवून सांगते.” मावशी थांबली. “तू आलास, पण...”

“हो,” तो म्हणाला.

त्यानं मग बारीकसारीक विचारायला सुरुवात केली, कामावर विचारायचा तसं. आई फाटकाच्या कुठल्या अंगाला होती? त्याच्या उजव्या हाताला. किती लांब? पंधरा-वीस पावलं. तो वळून ओरडला तेव्हा तोंड कुठं होतं? “रस्त्याकडे,” मावशी म्हणाली. “आवाज गेला तिकडे. तिच्याकडे नव्हतं.” मग त्यानं विचारणं बंद केलं.

परत आल्यावर दोन दिवसांनी त्यानं एके काळच्या बायकोला फोन केला. तिचं दुसरं लग्न झालं होतं, मुलगी होती, मागं ती काहीतरी पाठ करत होती. त्यानं सगळं सांगितलं.

“बरं झालं तुला कळलं,” ती म्हणाली. मग पुढे, “मीही तेव्हा तेच सांगत होते रे. जिन्यात उभी राहून. तुला ऐकूच आलं नाही.”

“आलं होतं,” तो म्हणाला. “खरं वाटलं नाही.”

“आता वाटतं?”

“आता वाटतं.”

“चांगलंय,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं. मुलीनं तिला हाक मारली तशी ती गेली.

लेखिकेला त्यानं स्वतःहून सांगितलं. तिनं गोष्टीत वापरायचा विषयही काढला नाही. आठवडाभर टोपण कडकडत राहिलं, तेव्हा तोच म्हणाला, “लिहायचं असेल तर लिहा. चपला, रुमाल, काय हवं ते घ्या. आईचं कुणी नाव विचारणार नाहीये.”

तिनं तिसरी तऱ्हा लिहिली. पहिल्या पानावर आई निघून जाते. सात प्रकरणं तसंच. आठव्यात बंदरावर एक म्हातारी भेटते आणि नायकाला खरं काय ते सांगते. मग शेवटच्या प्रकरणातला तोच प्रसंग, सोबती म्हणतो, थांबशील?

“आता बघा, सगळे थांबतील,” जोडारी म्हणाला. “एका चहाची पैज लावतो.”

“नाही थांबणार,” कानसेन म्हणाला.

नवे चाळीस वाचक बोलावले. खरं कळल्यावरही त्यांतले सत्तावीस निघून गेले.

“पण आता तर त्यांना माहीत आहे!” जोडारी चिडून म्हणाला. त्याला चहा हरल्याचं काही नव्हतं, त्याला ते खरोखरच पटत नव्हतं. “आई उभी होती हे त्यांनी वाचलंय! मी बघितलं, पान उलटायला त्यांनी वेळ घेतलाय!”

“सात प्रकरणं ते सोडून जाणारा माणूस झाले होते रे,” लेखिका म्हणाली. “एका पानात कसं उलटं फिरायचं?”

वाचकांच्या शेऱ्यांमध्ये एका निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंचा शेरा होता. त्यांनी लिहिलं होतं, हे पहिल्या पानावर सांगितलं असतं तर मी सगळं निराळं खेळले असते. मला पुन्हा सुरुवातीपासून खेळायचं आहे. जोडारीनं त्यांना उत्तर पाठवलं की डाव्या कोपऱ्यात ‘पहिल्यापासून’ असं बटण आहे, ते दाबा. कानसेननं तो शेरा आणि ते उत्तर तीनदा ऐकलं, आणि मग संगणकाच्या आवाजाचा वेग इतका वाढवला की शब्द राहिलेच नाहीत.

ही गोष्ट बाजारात आली आणि बरी चालली. कानसेनही एकदा ती खेळला, कामासाठी नव्हे, एका रविवारी घरी बसून. नायकाला त्यानं स्वतःचंच नाव दिलं. स्वभावाच्या रकान्यापाशी बराच वेळ अडला आणि शेवटी कुठलातरी एक निवडला. शेवटच्या प्रकरणात त्यानं ‘थांबा’ निवडलं. सोबती परत आला. दोन परिच्छेद, आणि गोष्ट संपली. त्याला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. घरमालकीणबाईंनी दार वाजवून विचारलं, आज सुट्टीच्या दिवशीही गोष्टी ऐकता का, तेव्हा तो म्हणाला, “सवय हो.”

रजा मिळेल तसा तो मावशीकडे जायला लागला. प्रत्येक वेळी तिला तोच दिवस विचारायचा. आईनं कुठली साडी नेसली होती, सकाळी निघताना काय खाल्लं होतं, बसमध्ये तो कुणाच्या मांडीवर होता. मावशी सांगायची. कधी साडी निळी असायची, कधी हिरवी. त्याला रंगांशी काही घेणंदेणं नव्हतं, तरी विचारायचा. दिसलं असतं तर ज्या गोष्टी आपोआप डोळ्यांत राहिल्या असत्या, त्या सगळ्या त्याला मावशीच्या तोंडून हव्या होत्या, आणि बघितलेलं माणूस तेवढं एकच उरलं होतं.

दीड वर्षानं मावशीचं विसरणं वाढलं. आधी औषधं, मग शेजाऱ्यांची नावं. एके दुपारी तो येऊन बसला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, “मावशी, त्या दिवशी फाटकापाशी...”

“कुठलं फाटक?” मावशी म्हणाली.

त्यानं शाळेचं सांगितलं. तिला आठवेना. मग त्यानंच तिला गोष्ट सांगायला घेतली, पहिल्यापासून, तिनं त्याला सांगितली होती तशी. मावशी लक्ष देऊन ऐकत होती, मध्येमध्ये ‘अगंबाई’ म्हणत होती. कुणीतरी चपला घालून गेलं, आई अनवाणी मागं राहिली, मुलगा ओरडला, इथवर आल्यावर तिनं त्याचा हात घट्ट धरला.

“कोण रे ती बिचारी?”

“तुझी बहीण,” तो म्हणाला. “माझी आई.”

मावशीसाठी हे जणू आत्ताच घडत होतं. तिला हुंदका आवरेना. “आणि पोराला कुणी सांगितलंच नाही?” ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. “कुणीच नाही सांगितलं त्याला?”

“सांगितलं,” तो तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. “सांगितलं गं, नंतर.”

तिला शांत व्हायला अर्धा तास लागला. त्यानंतर त्यानं तो विषय मावशीपुढे कधी काढला नाही. गेला की तिच्या गुडघ्यांना तेल लावायचा, औषधांच्या बाटल्या हातानं चाचपून वेळेप्रमाणे मांडून ठेवायचा, आणि ती जे बोलेल त्याला हो म्हणायचा.